ब्रँच बदलून मागणारा सेकंड लेफ्टनंट

आपल्या दहावीला तीस वर्षे झाली. स्मरणिकेसाठी लेख मागणारा निरोप ग्रुपवर आला तेव्हा पहिल्यांदा आठवला तो दहावीच्या निकालाचा दिवस. शाळेच्या फाटकाबाहेर उभे राहून आपण एकमेकांना एकच प्रश्न विचारत होतो : सायन्स की कॉमर्स? आर्ट्सला जाणाऱ्यांना कोणी विचारतसुद्धा नव्हते. पुढे दोन वर्षांनी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत आला : मेडिकल की इंजिनिअरिंग? आणि मग, कुठली ब्रँच?

मला इलेक्ट्रॉनिक्स हवे होते, मार्कांनी प्रॉडक्शन मिळाले. पहिल्या वर्षानंतर ब्रँच बदलून मागण्याचा अर्ज करता येतो हे मला माहीत होते. माझे मार्कही बरे होते. मी अर्ज केला नाही. कोणी नाही म्हटले तर काय, या विचारानेच हात मागे घेतला. पुढे सगळेच जण गेले तशी मीही सॉफ्टवेअरमध्ये गेले आणि तो विषय संपला, असे मी धरून चालले होते.

तो विषय या वर्षी आमच्या घरात परत आला. माझी मुलगी बारावीत आहे आणि तिला एन.डी.ए.ची परीक्षा द्यायची आहे. खडकवासल्याचे दार मुलींना उघडले ते २०२२ मध्ये, म्हणजे ती आठवी-नववीत असताना. त्या अर्जात भूदल, नौदल आणि हवाईदल यांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. तो कसा द्यायचा यावर आमच्याकडे रोज जेवणाच्या टेबलावर चर्चा सुरू झाली. खरे सांगायचे तर मी तिच्या बाजूने चर्चा करत नव्हते. तिने नौदल पहिले लिहावे, नाहीतर अर्जच भरू नये, असे मला मनातून वाटत होते. तिला मात्र भूदल हवे होते आणि भूदलातही रणगाडे. पायदळ आणि चिलखती दल आज तरी मुलींना खुले नाही, हे तिला माझ्याआधी ठाऊक होते. तरीही तिच्या अभ्यासाच्या टेबलावर एका रणगाडा-दलाच्या अधिकाऱ्याचा फोटो चिकटवलेला आहे. तो अधिकारी आपल्या पुण्यात शिकला, दहावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक इथेच झाला, आणि त्यालाही हवी ती ब्रँच पहिल्यांदा मिळाली नव्हती. मुलीशी वाद घालायला माहिती हवी म्हणून मी त्याच्याबद्दल वाचायला घेतले. वाद राहिला बाजूला. या स्मरणिकेत त्याची गोष्ट सांगावी असे वाटले, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी सध्या हाच प्रश्न टेबलावर असणार.

लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर. जन्म १८ ऑगस्ट १९२३, मुंबई. मित्रांमध्ये नाव आदी.

आडनाव ज्या गावावरून आले ते तारापूर आजच्या पालघर जिल्ह्यात आहे. घराण्यात अशी हकीकत सांगितली जाते की, पूर्वज रतनजीबा हे शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते आणि त्यांना शंभर गावांची मनसब मिळाली, त्यातले मुख्य गाव तारापूर. पुढे आदीचे आजोबा हैदराबादला गेले आणि निजामाच्या अबकारी खात्यात नोकरीला लागले. वडील फारसी आणि उर्दूचे जाणकार होते. म्हणजे तलवारीच्या आठवणी घरात असल्या तरी दोन पिढ्या कागद-कलमात गेलेल्या होत्या.

लहानपणची एक गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. घरची गाय दावे तोडून सुटली आणि मोठ्या बहिणीच्या अंगावर धावली. सहा वर्षांचा आदी मध्ये उभा राहिला आणि हातातली काठी त्याने गायीच्या नाकावर मारली. शूरवीरांच्या चरित्रात अशी एखादी गोष्ट असतेच, म्हणून मी ती वाचून सोडून दिली होती. पुढचे एक प्रकरण वाचल्यावर मात्र मला परत मागे येऊन ती वाचावी लागली.

सातव्या वर्षी आदीला पुण्याच्या सरदार दस्तूर मुलांच्या शाळेत घातले, बोर्डिंगमध्ये. तेव्हा हैदराबादहून पुणे म्हणजे काही जवळ नव्हे. सात वर्षांचे पोर सुट्टीपुरतेच घरी जाणार. अभ्यासात तो फार चमकला नाही. धावणे, पोहणे, मुष्टियुद्ध, टेनिस, क्रिकेट यांत मात्र पुढे असायचा आणि शेवटच्या वर्षी शाळेचा कॅप्टन झाला. १९४० मध्ये मॅट्रिक होऊन तो बाहेर पडला. आपल्या वर्गातले शेवटच्या बाकावरचे काही चेहरे मला इथे आठवले, पण नावे लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

१९४० म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू होऊन वर्ष होत आलेले. आदीने हैदराबाद संस्थानच्या फौजेसाठी अर्ज केला आणि त्याची निवड झाली. पहिले प्रशिक्षण गोवळकोंड्याला झाले, त्यानंतरचे बंगळूरला. १ जानेवारी १९४२ रोजी तो सेकंड लेफ्टनंट झाला आणि त्याला सातव्या हैदराबाद इन्फंट्रीत, म्हणजे पायदळात नेमले गेले.

इथे थोडे थांबून भूदलातल्या या ब्रँचेसबद्दल सांगायला हवे, कारण मलाही हे आत्ताच कळले. माझ्या डोक्यात सैनिक म्हणजे सैनिक असे होते. तसे नसते. पायदळ चालत जाते, जमीन ताब्यात घेते आणि ती धरून बसते. शेवटी कुठलीही टेकडी किंवा गाव आपले झाले असे म्हणायचे तर तिथे पायदळाचा माणूस उभा असावा लागतो. तोफखाना लांबून मारा करतो. इंजिनिअर्स पूल बांधतात, सुरुंग काढतात, रस्ता करून देतात. सिग्नल्सवाले सगळ्यांना एकमेकांशी बोलते ठेवतात. आणि चिलखती दल म्हणजे जुने घोडदळ. घोड्यांच्या जागी रणगाडे आले, पण रिसाल्याची सवय तीच : वेगाने घुसायचे, शत्रूची फळी फोडायची आणि तो सावरायच्या आत त्याच्या मागे जायचे. भारतात घोडदळाच्या पलटणींचे घोडे जाऊन यंत्रे यायला सुरुवात झाली १९३८ च्या सुमारास. म्हणजे आदी सैन्यात आला तेव्हा ही अगदी ताजी ब्रँच होती. आपल्या वेळी कॉम्प्युटर होती तशी. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यांच्या लढाया चाललेल्या होत्या, वर्तमानपत्रे त्यांनी भरलेली असायची. एकोणीस वर्षांच्या मुलाला तिकडे जावेसे वाटले नाही तरच नवल.

पण मिळाले पायदळ. आदी तिथे नाखूश होता आणि नाखुशी त्याने लपवली नाही. पण काम मात्र सोडले नाही. मला महत्त्वाचे वाटले ते हे, कारण पुढची घटना त्यामुळेच घडली.

एके दिवशी हैदराबादच्या फौजेचे सरसेनापती मेजर जनरल अल इद्रूस त्यांच्या पलटणीच्या पाहणीला आले. हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. खऱ्या बॉम्बचा. एका नव्या रंगरुटाच्या हातून चूक झाली. पिन काढलेला बॉम्ब लांब जायच्या ऐवजी फेकण्याच्या जागेतच पडला. असा बॉम्ब फुटायला काही सेकंद लागतात. आदीने आत उडी घेतली, बॉम्ब उचलला आणि बाहेर फेकला. तो हवेतच फुटला आणि त्याचे तुकडे आदीच्या छातीत घुसले. गायीची गोष्ट मी परत जाऊन वाचली ती इथे.

जखमा भरल्यावर अल इद्रूस यांनी त्याला कार्यालयात बोलावून शाबासकी दिली. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर उभा राहिलेला दुसरा कोणी तरुण सलाम ठोकून, आभार मानून बाहेर आला असता. आदीने त्या शाबासकीच्या क्षणीच बदली मागितली. पायदळातून चिलखती दलात. जनरलनी मान्य केले आणि त्याची रवानगी पहिल्या हैदराबाद इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये झाली.

कोणी म्हणेल, जीव धोक्यात घातल्याचा मोबदला त्याने वसूल केला. मला तसे वाटत नाही. बॉम्ब उचलताना कोणी हिशोब करत नाही, तेवढा वेळच नसतो. पण संधी समोर आल्यावर, मला हे हवे आहे असे स्वच्छ सांगणे हा वेगळा धीर आहे, आणि तो बॉम्ब उचलण्याच्या धीराइतकाच दुर्मीळ असावा. माझ्याजवळ ना मोठे धाडस मागितले गेले होते, ना समोर कोणी जनरल होता. कॉलेजच्या कार्यालयातला एक छापील अर्ज होता फक्त.

लान्सर्सबरोबर तारापोर महायुद्धात मध्यपूर्वेत गेले. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला आणि हैदराबादचा प्रश्न उभा राहिला. सप्टेंबर १९४८ मधली पोलिस कारवाई आपल्यापैकी मराठवाड्यातून आलेल्यांच्या घरी अजून बोलली जाते. आजी-आजोबांनी पाहिलेली ती गोष्ट. सोलापूरकडून भारतीय सैन्य घेऊन शिरले ते मेजर जनरल जयंतनाथ चौधरी, आणि त्यांच्यापुढे हैदराबादच्या फौजेच्या वतीने शरण आले ते हेच अल इद्रूस, ज्यांनी आदीला रणगाडे दिले होते. संस्थान विलीन झाले आणि त्याची फौजही संपली.

त्या फौजेतल्या अधिकाऱ्यांचे पुढे काय, हा प्रश्न होताच. ज्या सैन्यापुढे आपण शरण गेलो त्याच सैन्यात नव्याने उभे राहायचे. नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना याची थोडी कल्पना येईल. कंपनी विकली जाते, नव्या मालकाची माणसे येतात आणि जुन्या लोकांकडे थोड्या संशयाने बघितले जाते. तारापोरांची निवड झाली. १ एप्रिल १९५१ पासून ते भारतीय सैन्यात कॅप्टन झाले आणि त्यांना पलटण मिळाली पूना हॉर्स.

पूना हॉर्सचे मूळ १८१७ चे. दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून इंग्रजांनी पूना ऑक्झिलरी हॉर्स नावाचे घोडदळ उभे केले, त्याची ही पुढची परंपरा. नावात पुणे, पण पलटण जगभर लढलेली. इराणमध्ये खुशाब नावाच्या ठिकाणी ८ फेब्रुवारी १८५७ रोजी तिच्या स्वारांनी शत्रूच्या पायदळाचा चौकोन घोड्यांवरून फोडला होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पुण्याच्या बोर्डिंगमध्ये वाढलेला मुलगा हैदराबादमार्गे अशा रीतीने पुण्याच्या नावाच्या पलटणीत आला.

पुढची चौदा वर्षे शांततेच्या काळातल्या अधिकाऱ्याची. सराव, बदल्या, कोर्सेस, लग्न, मुले. १९६५ मध्ये तारापोर पूना हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते. वय बेचाळीस, म्हणजे आज आपण आहोत त्यापेक्षा थोडे कमीच. पलटणीकडे तेव्हा ब्रिटिश बनावटीचे सेंच्युरियन रणगाडे होते. साधारण पन्नास टनांचे धूड, आत चार माणसे : कमांडर, गनर, गोळा भरणारा आणि चालक. पाकिस्तानकडे अमेरिकेने दिलेले पॅटन होते. ते नवे, जास्त आधुनिक आणि त्यांचा दबदबाही मोठा होता.

सप्टेंबर १९६५ मध्ये युद्ध पेटले. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि सैन्यप्रमुख होते हैदराबादेत शिरलेले तेच जयंतनाथ चौधरी. सतरा वर्षांपूर्वी ज्यांच्यापुढे तारापोरांच्या फौजेने शस्त्रे ठेवली, त्यांच्याच हुकुमाखाली तारापोर आता शत्रूच्या मुलखात चालले होते. ६ सप्टेंबरला लाहोरची आघाडी उघडली आणि ८ सप्टेंबरला पहिली चिलखती डिव्हिजन सियालकोटच्या भागात घुसली. पूना हॉर्स त्यात होती.

११ सप्टेंबरला फिलोरा घ्यायचे होते. समोरून न जाता मागच्या बाजूने चढाई करायची आणि त्यासाठी फिलोरा व चाविंडा या दोन गावांच्या मधून शिरायचे, अशी योजना. पूना हॉर्स त्या फटीत शिरली तेव्हा वझीरवालीच्या बाजूने पाकिस्तानचे रणगाडे अचानक चालून आले. तारापोर पलटणीच्या सर्वांत पुढे होते. त्यांनी जागा सोडली नाही. आलेला हल्ला झेलला आणि एक स्क्वाड्रन व सोबतचे पायदळ घेऊन फिलोऱ्यावर चढाई केली. फिलोरा पडले. त्यात तारापोर जखमी झाले. त्यांना मागे जायला सांगितले गेले, त्यांनी नकार दिला.

रणगाड्यातून लढणे म्हणजे काय याची मला कल्पना नव्हती. मुलीने ती करून दिली. झाकण लावून आत बसले तर कमांडरला बाहेरचे जेमतेम दिसते. चांगले दिसायचे तर डोके आणि खांदे वर काढून उभे राहावे लागते, आणि तसे उभे राहिले की पन्नास टनांचे पोलाद त्या माणसाच्या काही उपयोगाचे नसते. बाकीचे तिघे आत सुरक्षित, आणि ज्याने हुकूम द्यायचा तो उघडा. जखमी अवस्थेत पाच दिवस तारापोर हे करत होते. त्यांच्या रणगाड्याचे नाव होते खुशाब.

१४ सप्टेंबरला त्यांनी वझीरवाली घेतले. १६ सप्टेंबरला जस्सोरन आणि बुटूर डोग्रांडी. चाविंड्यावर मागून हल्ला करणाऱ्या पायदळासाठी या दोन जागा धरून ठेवणे हे पूना हॉर्सचे काम होते. खुशाबवर अनेकदा मारा झाला. त्या दिवशी तारापोर प्राणघातक जखमी झाले आणि गेले. पलटण त्यांच्यानंतरही मागे हटली नाही. त्या सहा दिवसांत पूना हॉर्सने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले, अशी परमवीर चक्राच्या मानपत्रात नोंद आहे.

बुटूर डोग्रांडीच्या याच लढाईत गढवाल रायफल्सच्या आठव्या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड हेही पडले. झिराड हे बेने इस्रायली आडनाव, अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेले. तारापूर आणि झिराड. कोकण किनाऱ्यावरच्या दोन गावांची नावे लावणारे दोन कर्नल, एक पारशी, एक ज्यू, एक रणगाड्याचा, एक पायदळाचा, सियालकोटजवळच्या एकाच गावासाठी गेले.

आणि चाविंडा? ते शेवटपर्यंत हाती आले नाही. २३ सप्टेंबरला युद्धबंदी झाली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्याला सगळ्या गोष्टींचा शेवट निकालपत्रासारखा हवा असतो. तारापोरांना दिलेले काम त्यांनी पुरे केले. बाकीचे त्यांच्या हातात नव्हते.

लढाईच्या त्या दिवसांत त्यांनी आपल्या सेकंड-इन-कमांडला काही सूचना देऊन ठेवल्या होत्या. मी मेलो तर अंत्यसंस्कार रणभूमीवरच, अग्नी देऊन करावेत. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, गळ्यातली सोन्याची साखळी पत्नीला, बोटातली अंगठी मुलीला, आणि हातातले कडे व फाउंटन पेन मुलाला. त्याप्रमाणे झाले.

ही यादी वाचताना मी लॅपटॉप बंद केला. साठ रणगाडे माझ्या अंगावर आले नाहीत, पण ते पेन आले. बेचाळीस वर्षांचा माणूस, हात जखमी, भोवती तोफा चालू, आणि तो कोणाला काय द्यायचे हे शांतपणे वाटून ठेवतो आहे. मुलांपैकी कोणी वगळले जात नाही ना, आई राहून जात नाही ना, हे बघतो आहे. माझी मुलगी ज्या फोटोकडे बघून अभ्यास करते त्याच्यामागे हे आहे, हे तिला माहीत असेल का, असे मला वाटले. रात्री विचारले तर तिला सगळे माहीत होते. मला त्रास होईल म्हणून तिने तेवढे सांगितले नव्हते.

तारापोरांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १९६५ च्या युद्धात परमवीर चक्रे दोनच दिली गेली. दुसरे होते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांचे. ते चौथ्या ग्रेनेडियर्सचे, म्हणजे पायदळाचे. पंजाबात असल उत्तरच्या लढाईत जीपवर बसवलेल्या तोफेने त्यांनी पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला तिथेच ते पडले. म्हणजे एकाने रणगाड्यातून लढून सर्वोच्च सन्मान मिळवला आणि दुसऱ्याने उघड्या जीपवरून रणगाड्यांशी लढून. ज्या पायदळात तारापोरांचे मन रमले नाही, त्याच पायदळाचा हवालदार त्यांच्या शेजारी उभा आहे. हे दोन्ही शेजारी ठेवले की कुठली ब्रँच मोठी हा वाद उरतच नाही. उरतो तो एवढाच प्रश्न : आपले मन कशात आहे, आणि ते मिळेपर्यंत हातात जे आहे ते आपण कसे करतो?

पूना हॉर्सला आणखी एक परमवीर चक्र मिळाले ते सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय एकवीस, जन्म पुण्याचा. तारापोर गेले तेव्हा तो शाळेत होता. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमानमधल्या एकवीस बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे देण्यात आली, त्यात या दोघांचीही बेटे आहेत.

आता आमच्या टेबलावरच्या अर्जाबद्दल. गेल्या महिन्यात आम्ही दोघी तो भरायला बसलो. पसंतीक्रमाच्या रकान्यात तिने भूदल पहिले लिहिले. मी तिला परत एकदा विचारले की, रणगाडे तर तुला मिळणार नाहीत, मग कशासाठी? तिने शांतपणे सांगितले की, सिग्नल्स आहे, इंजिनिअर्स आहे, तोफखान्यातसुद्धा २०२३ पासून महिला अधिकारी आहेत. जे मिळेल ते आधी नीट करायचे. आणि मग योग्य माणसासमोर उभे राहायची वेळ आली की मागायचे. नाही म्हणाले तर नाही म्हणाले.

मी काही बोलले नाही. तीस वर्षांपूर्वी एक छापील अर्ज मी कोरा सोडला होता, हे तिला मी कधी सांगितलेले नव्हते. त्या रात्री सांगितले. ती हसली आणि तिने मला विचारले की, इलेक्ट्रॉनिक्स अजून शिकावेसे वाटते का? उत्तर द्यायला मला बराच वेळ लागला.

भीती गेली आहे असे मी म्हणणार नाही. परीक्षा आहे, मुलाखत आहे, मेडिकल आहे. होईल किंवा होणार नाही. झाले तर पुढे कधीतरी तीही असे काही वाटून ठेवील का, हा विचार रात्री येतोच. तो येणार, हे मी आता मान्य केले आहे. ज्यांची मुले आधीच सैन्यात आहेत ते आपल्या बॅचमधले मित्रमैत्रिणी यावर काय करतात, हे मला संमेलनात त्यांना विचारायचे आहे. आणि ज्यांच्या घरी आत्ता पसंतीक्रमाचे भांडण चालू आहे, मग ते सैन्याचे असो, इंजिनिअरिंगचे असो किंवा कधी न विचारल्या गेलेल्या आर्ट्सचे असो, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसावे. डबा मी दोघांपुरता आणते.